आगोटीचा तांदूळ

कोकणात मे महिना आला हे अंगणाकडे पाहून कळते. एका बाजूला भात पसरलेले, पत्र्यावर कोकमाची सोले, ओट्यावर लाल मिरच्या, दोरीवर सुकत घातलेली मासळी, आणि या सगळ्याची राखण करत बसलेले एखादे म्हातारे माणूस. पावसाळ्याच्या चार महिन्यांची ही बेगमी. आमच्याकडे तिला आगोट म्हणतात.

आमच्या सासूबाईंना घरात सगळेच अम्मी म्हणतात. आगोटीचे वेळापत्रक त्यांना तोंडपाठ आहे. भाताला तीन कडक उन्हे द्यायची. तिसऱ्या दिवशी भात गोळा करून रात्रभर निवू द्यायचे, कारण गरम भात भरले की त्याला आतून घाम सुटतो. मग गिरणीवर न्यायचे. हे सगळे मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या आठ-दहा दिवस आधी. पन्नास वर्षे त्यांनी हे याच क्रमाने केले. घरात कीड कधी लागलीच नाही असे नाही, पण कीड लागली म्हणून कोणी घाबरले, असेही कधी झाले नाही.

२०२५ चा मे महिना मात्र अम्मींच्या वेळापत्रकाप्रमाणे आला नाही. मान्सून केरळात २४ मे रोजी पोहोचला आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रात शिरला. मुंबईत तो २६ तारखेला दाखल झाला. १९५० पासूनच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधीच आला नव्हता. कोकणात तर त्याच्याही आधीपासून पाऊस पडत होता. आमचे भात अंगणात एकच ऊन खाऊन होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आले. शाळेला सुट्टी होती म्हणून आम्ही घरीच होतो. आम्ही, आमचे मिस्टर आणि दोन्ही मुलांनी मिळून धावपळ करत भात गोळा केले, तरी कडेचे भिजलेच. पुढचे चार दिवस ते ओटीवर पंख्याखाली पसरून ठेवले. ऊन काही आले नाही.

बकरी ईद ७ जूनला होती. त्याआधी घर आवरायचे होते. ओटीवर भात पसरलेले, त्यातून पाहुण्यांनी चालायचे कसे? शेवटी कंटाळून भात गिरणीवर नेले. गिरणीवाल्यांनी मूठभर दाणे हातात घेतले, एक दाताखाली धरला आणि म्हणाले, “बाई, अजून ओलं आहे. दोन उन्हं द्या आणि मग आणा.”

“ऊन कुठून आणू, चाचा?” आम्ही म्हणालो.

त्यावर तेही काही बोलले नाहीत. तांदूळ झाला, घरी आला आणि कोठीच्या खोलीतल्या प्लास्टिकच्या दोन मोठ्या पिंपांत भरला गेला. अम्मींनी वर कडुनिंबाचा पाला टाकला आणि एवढेच म्हणाल्या, “या वर्षी लक्ष ठेवायला हवं.”

लक्ष कोण ठेवणार? जूनमध्ये शाळा सुरू झाली. प्रवेश, पुस्तकवाटप, पोषण आहाराच्या नोंदी. जुलैच्या अखेरीस अम्मींनी सुपात तांदूळ घेतला तेव्हा त्यात काळपट-तपकिरी सोंडे चालताना दिसले. ऑगस्टच्या मध्यापर्यंत पिंपाचे झाकण काढले की तांदळात हात घालवेना. तांदूळ हाताला कोमट लागत होता आणि त्याला कुबट वास येत होता.

हे असे का झाले, ते आम्हाला नंतर समजले. ते इथेच सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते, म्हणून ती चाळणीत सापडत नाही आणि निवडतानाही दिसत नाही. हवा उबदार आणि दाणा दमट असेल तर अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला साधारण महिना लागतो. मेअखेर भरलेल्या तांदळात ऑगस्टपर्यंत तीन पिढ्या सहज होऊन जातात. दाणा चांगला कोरडा असेल तर हीच कीड नीट वाढू शकत नाही. अम्मींच्या तीन उन्हांचा अर्थ हा होता. त्यात प्लास्टिकच्या पिंपातून दमटपणा बाहेर पडत नाही. कीड श्वास घेते तशी आतली ऊब आणि ओल आणखी वाढते.

गणपतीच्या सुट्टीत, म्हणजे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, मुंबईहून आमच्या नणंदबाई मुलांसह राहायला येणार होत्या. आपा येणार आणि ताटात सोंडे निघणार, या विचाराने आमची झोप उडाली. बाजारात गेलो असता एका दुकानात विचारले. दुकानदाराने आतून वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली पुडी आणून दिली. त्यात राखाडी रंगाच्या जाड गोळ्या होत्या. “फडक्यात बांधून पिंपात ठेवा. आठ दिवसांत एक किडा दिसला तर मला सांगा.”

आम्ही बी.एड. केले आहे. वीस वर्षे मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो आहोत. मुलांना सांगतो, जे हातात पडेल ते आधी वाचा, मग वापरा. पण त्या पुडीवर वाचायला एक अक्षर नव्हते आणि आम्ही विचारलेही नाही. घरी येऊन स्वतःच्या हाताने गोळ्या फडक्यात बांधल्या, दोन्ही पिंपांत ठेवल्या आणि झाकणे लावली. अम्मी नमाज पढत होत्या. त्यांना सांगितलेसुद्धा नाही.

त्याच रात्री आपा आल्या. घर भरले. पलंग पाहुण्यांना दिले आणि आमच्या धाकटीने हट्टाने आपले अंथरूण कोठीच्या खोलीत जमिनीवर घातले. तिथे तिला आत्येभावाबरोबर गप्पा मारत जागता येणार होते. बाहेर धो धो पाऊस होता. पावसाचा सपकारा आत येतो म्हणून आम्हीच जाऊन त्या खोलीची खिडकी लावून घेतली.

फजरच्या आधी धाकटी उठून आली. पोटात दुखते म्हणाली. उलटी झाली, मग पुन्हा झाली. आत्येभावाचे डोके दुखत होते. पाहुण्यांसाठी केलेले मटण बाधले असेल असे आम्हाला वाटले. आले-लिंबाचा रस दिला. तासाभरात तिचे हात-पाय गार पडले आणि ती धाप लागल्यासारखा श्वास घेऊ लागली. रिक्षाने तालुक्याच्या गावी नेले. तिथल्या डॉक्टरांनीही आधी अन्नातूनच काही झाले असेल असे धरले. मग तिथे ड्युटीवर असलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाजूला घेतले आणि विचारले, “मॅडम, घरात धान्यात काही औषध टाकलं आहे का? गोळ्या वगैरे?”

आयुष्यात आम्हाला अनेक प्रश्न विचारले गेले असतील. इतका जड प्रश्न कधी आला नव्हता. उत्तर आम्हालाच माहीत होते आणि घरात दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हते.

त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या होत्या. हवेतली ओल लागली की त्यांतून फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो. तोच किडे मारतो, आणि माणसालाही मारू शकतो. त्यावर उतारा असे औषध नाही. डॉक्टर फक्त श्वास, रक्तदाब आणि हृदय सांभाळून शरीराला वेळ मिळवून देऊ शकतात. हा वायू हवेपेक्षा थोडा जड असतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो म्हणतात, पण ज्या घरात सुकी मासळी टांगलेली आहे तिथे तो वेगळा ओळखणार कोण? अशा गोळ्या सर्वसामान्य माणसाला घरी वापरायला विकण्याची परवानगीच नाही. त्या सरकारी गोदामांसाठी आणि प्रशिक्षित कीडनियंत्रण करणाऱ्यांसाठी आहेत. तेही बंदिस्त गोदामात, माणसांना बाहेर काढून वापरायच्या असतात.

धाकटीला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात हलवले. तीन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. आत्येभावाला एक दिवस देखरेखीखाली ठेवून सोडले. चौथ्या दिवशी धाकटीने खायला मागितले. अल्हम्दुलिल्लाह, आज ती शाळेत जाते, भांडते, खेळते. पण ते तीन दिवस आम्ही रुग्णालयाच्या जिन्यात बसून काय काय आठवले, ते लिहिता येणार नाही. आपाने आम्हाला एक शब्द बोलून दाखवला नाही. “भाभी, तुम्ही थोडं खाऊन घ्या,” एवढेच ती सारखे म्हणत राहिली. ते ऐकणे अधिक कठीण होते.

घरी परतल्यावर मनात एकच गोष्ट फिरत होती. चूक आमची होतीच, ती कोणावर ढकलायची नाही. पण ही चूक आमच्याकडून याच वर्षी का झाली? पुढे नीट विचार केला तेव्हा कड्या जुळत गेल्या. पाऊस लवकर आला म्हणून भात वाळले नाही. भात वाळले नाही म्हणून कीड लागली. कीड अती झाली म्हणून आम्ही विष आणले. त्याच दमट हवेने विषातला वायू भराभर सुटला. त्याच पावसामुळे आम्ही खिडकी लावली. एका ओलीने सुरुवातही केली आणि शेवटही.

हवामान बदलते आहे, हे आम्ही शाळेत मुलांना शिकवतो. २०२४ हे जगाचे आजवर नोंदलेले सर्वांत उष्ण वर्ष होते, हेही सांगतो. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. आमच्या अंगणासमोरचा अरबी समुद्र तापतो आहे. जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते ही वादळे आम्ही पाठोपाठ पाहिली. त्याच वर्षी जुलैत चिपळुणात पुराचे पाणी घराघरांत शिरले. हे सगळे मोठे, बातम्यांत येणारे. पण हा बदल तांदळाच्या पिंपापर्यंत येऊन पोहोचेल, असे आम्हाला वाटले नव्हते. किड्यांचे रक्त आपल्यासारखे एका तापमानावर राहत नाही. बाहेर ऊब वाढली, की एका मर्यादेपर्यंत त्यांची भूक वाढते, वाढ वेगाने होते आणि पिढ्या लवकर लवकर निघतात. त्यात ओल मिळाली तर विचारायलाच नको.

तरी सगळा दोष हवेवर टाकणे खरे होणार नाही. पूर्वी आमच्या घरात तांदूळ साठवतच नव्हते, भात साठवत होते. बांबूच्या, शेणाने लिंपलेल्या कणगीत ते टरफलासकट राहायचे आणि लागेल तेवढेच कांडले जायचे. टरफल शाबूत असलेल्या दाण्यात सोंड्याला सहज शिरता येत नाही. सोललेला, पॉलिश केलेला तांदूळ म्हणजे त्याच्यापुढे वाढून ठेवलेले ताट. गिरणी आली, पिंपे आली, आणि आम्ही सोयीसाठी सगळे एकदम भरडून ठेवू लागलो. अम्मींनी हे ऐकले तेव्हा त्यांना हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांचा किस्सा आठवला. सुकाळाच्या सात वर्षांत पिकवलेले धान्य, खाण्यापुरते थोडे सोडून, कणसातच राहू द्या, असे त्यांनी सांगितले होते. “सूरत किती वेळा पढले,” अम्मी म्हणाल्या, “पण कणसातच का, हे कधी मनात आलं नाही.” आमच्याही आले नव्हते.

गेल्या सात-आठ महिन्यांत आम्ही घरात काही गोष्टी बदलल्या. त्या फार मोठ्या नाहीत. वाचक भगिनींना उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

भात आता टरफलासकट ठेवतो आणि महिन्यापुरतेच भरडून आणतो. चार महिन्यांची बेगमी करण्याची रीत पडली, कारण पावसाळ्यात खाडीतली होडी बंद, रस्ता बंद, बाजार बंद. आज भर पावसातही दुकान उघडे असते. ज्यांना हंगामात स्वस्त मिळते म्हणून साठवावेच लागते, त्यांनी जरूर साठवावे. पण केवळ रिवाज म्हणून पिंपे भरण्याचे कारण आता उरलेले नाही. शहरातल्या बहिणींनी तर रवा, मैदा, डाळी थोड्या थोड्या आणाव्यात. रवा, बेसन आणल्यावर आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवले तर आतली अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर मात्र पाकीट लगेच उघडू नये. ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, नाहीतर आत पाणी सुटते.

धान्य वाळले की नाही, हे आता आम्ही तारखेवरून ठरवत नाही. गिरणीवाल्या चाचांची दाताची परीक्षा आहेच. वाळलेला दाणा कट्‌कन तुटतो, ओला दबतो. दुसरी परीक्षा शाळेतल्या मुलांनाही आवडली. काचेच्या कोरड्या बाटलीत कोरडे मीठ आणि मूठभर दाणे घालून हलवायचे आणि थोडा वेळ ठेवायचे. मीठ काचेला चिकटले तर धान्य ओले आहे, भरायचे नाही.

पिंपे जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवत नाही. खाली फळी, मागे वीतभर मोकळी जागा. जुना तांदूळ संपल्याशिवाय त्यावर नवा ओतत नाही. पिंप रिकामे झाले की धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून मगच भरतो. घडीत आणि कानाकोपऱ्यात राहिलेले चार दाणे पुढच्या वर्षीची कीड सांभाळत बसलेले असतात. बाजारात हवाबंद थैल्याही मिळतात. त्यांत आतले किडे प्राणवायू संपून मरतात, विष लागत नाही. पण त्यांतही धान्य कोरडेच भरावे लागते, नाहीतर बुरशी धरते. बोरिक पावडर चोळण्याची सवय अनेक घरांत आहे. आम्ही तीही सोडली. ती खाण्याची वस्तू नव्हे.

आणि एवढे करूनही सोंडे निघाले तर? चाळायचे, निवडायचे, थोडे वाया गेले तर कोंबड्यांना घालायचे. सोंडा दिसणे ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. आम्हाला ती लाज वाटली नसती, तर ती पुडी घरात आलीच नसती.

धान्याच्या निमित्ताने डोळे उघडले तसे पाण्याकडेही लक्ष गेले. आमच्या मोहल्ल्यात निम्मी घरे वर्षातले दहा महिने बंद असतात. माणसे मुंबईत, कुवेतला, दोहाला. गच्चीवरच्या टाक्या मात्र इथेच, काहींची झाकणे वादळात उडालेली. गेल्या वर्षी पाऊस मेमध्ये सुरू झाला आणि दिवाळीच्या सुमारासही पडतच होता. मध्ये उघडीप, पुन्हा सर. डेंग्यूच्या डासाला याहून सोयीचे काय? हा डास गटारात नव्हे, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. उबदार दिवसांत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या वर चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, कड घासावी लागते. धुराची गाडी येऊन गेली की आपल्याला बरे वाटते, पण तो धूर उडणाऱ्या डासांपुरता. पाण्यातल्या अळ्यांना त्याने काही होत नाही.

आमच्या जमातीने ऑक्टोबरात बंद घरांच्या चाव्या ज्यांच्याकडे होत्या त्यांची यादी केली. टाक्या रिकाम्या केल्या, झाकणे बांधली. मशिदीच्या हौजात आरोग्य खात्याकडून आणलेले गप्पी मासे सोडले. ते अळ्या खातात. घरात आठवड्यातला एक दिवस कोरडा दिवस ठरवला. आमच्याकडे तो गुरुवार आहे. त्या दिवशी माठ, बादल्या, फ्रीजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, सगळे ओतून, घासून, वाळवून ठेवायचे. रात्री झोपण्यापूर्वी भांडी झाकावीत, पाण्याच्या मशकांची तोंडे बांधावीत, ही शिकवण आपल्याला हदीसमधून मिळालेली आहेच. ती आम्ही लहानपणापासून ऐकली होती. आता ती डासाच्या पिढ्या मोजून पाळतो.

पालकसभेत आम्ही ही सगळी हकिकत सांगितली. सांगताना आवाज कापत होता, कारण बाईंचीच चूक बाईंच्याच तोंडून ऐकायला कोणाची तयारी नव्हती. बोलून झाल्यावर थोडा वेळ शांतता होती. मग मागच्या रांगेतल्या एका आईने विचारले, “बाई, आमच्या पिंपातही त्याच आहेत. आता काय करू?” तिच्यामागोमाग आणखी दोघी बोलल्या. पुढच्या शुक्रवारी इमामसाहेबांनी जुम्यानंतर हीच गोष्ट दोन वाक्यांत सांगितली. त्या दुकानदाराकडेही आम्ही गेलो. तो म्हणाला, “बाई, सगळेच नेतात.” आम्ही म्हणालो, “आम्हीही नेल्या होत्या,” आणि पुढे काय झाले ते सांगितले. त्याने मान खाली घातली. आता त्या तो घरी वापरायला देत नाही, असे ऐकतो. तसे असेल तर अल्लाह त्याला बरकत देवो.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. आज घरातले पिंप, डबे, कोठी उघडून पाहा. धान्यात अशी फडक्यातली पुडी असेल तर मुलाबाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना आधी घराबाहेर काढा. दारे-खिडक्या उघडा आणि तुम्हीही बाहेर या. पिंपाला बंद झाकण आहे म्हणून निर्धास्त राहू नका, झाकणाने वायू अडत नाही. गोळ्या हाताने चाचपू नका. पाण्यात तर मुळीच टाकू नका, पाणी लागताच वायू झपाट्याने सुटतो. कृषी खात्याच्या किंवा कीडनियंत्रणाच्या माहीतगार माणसाला बोलवा. त्या खोलीत झोपलेल्या कोणाला उलट्या, पोटदुखी, धाप असेल तर घरचे औषध करत बसू नका. लगेच दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा, घरात गोळ्या होत्या. आमच्या लेकीचे चार तास आम्ही आल्या-लिंबात आणि अंदाजात घालवले. तुमचे जाऊ नयेत.

आता पुन्हा आगोटीचे दिवस आले आहेत. या वर्षी पाऊस कधी येईल, कोणास ठाऊक. अम्मींनी आपले वेळापत्रक एप्रिलवर आणले आहे. “माझा मे राहिला नाही,” त्या हसून म्हणतात, “पण ऊन तर आहे ना, मग आधीच देऊ.” भाताला दोन उन्हे देऊन झाली आहेत. कोठीच्या खोलीत आम्ही हवेतला दमटपणा दाखवणारे एक छोटे यंत्र लावले आहे. धाकटी शाळेतून आली की दारातूनच त्याचा आकडा पाहते आणि दाराच्या मागे लावलेल्या कागदावर लिहून ठेवते. त्या खोलीची खिडकी आता पावसातही उघडी राहील. बाहेरून पत्र्याची पडवी काढली आहे, म्हणजे पाणी आत येणार नाही.

काल तिने अम्मींना विचारले, “दादी, आज तिसरं ऊन ना?”

“हो,” अम्मी म्हणाल्या, “पण दाणा चावून बघितल्याशिवाय नाही.”